द्विघाती फलाचा आलेख: आधी मध्य शोधावा, मग बिंदू स्थापन करावेत

दहावीपर्यंत आलेख म्हणजे सरळ रेषा, एवढीच विद्यार्थ्याची ओळख असते. दोन चलांतील रेषीय समीकरण घ्यायचे, तीन-चार क्रमित जोड्या काढायच्या, बिंदू स्थापन करायचे आणि पट्टी ठेवून रेघ ओढायची. तिथे दोन बिंदू पुरतात आणि तिसरा पडताळ्यासाठी असतो. पुढे द्विघाती फल समोर आले, की ही हातात मुरलेली सवयच आड येते. यावल तालुक्यातल्या मुलांच्या वह्या मी बरीच वर्षे तपासत आलो आहे. त्यांत सर्वांत जास्त दिसणारी चूक आकडेमोडीची नसते. बिंदू चुकीच्या ठिकाणी निवडलेले असतात, आणि बरोबर काढलेले बिंदू पट्टीने जोडलेले असतात. म्हणून या लेखात कोष्टक कुठून सुरू करावे यावर अधिक भर दिला आहे.

ज्या फलात, म्हणजे क्षवरून य ची किंमत देणाऱ्या नियमात, चलाचा सर्वांत मोठा घातांक २ असतो, ते द्विघाती फल. त्याचे सामान्य रूप य = अ × क्ष² + ब × क्ष + क असे लिहितात. यात अ ही संख्या शून्य नसावी एवढीच अट आहे, कारण ती शून्य झाली तर वर्ग उरतच नाही आणि आपण पुन्हा सरळ रेषेवर येतो. अशा फलाच्या आलेखाला अन्वस्त म्हणतात, आणि अन्वस्त जिथे वळतो त्या बिंदूला शिरोबिंदू म्हणतात.

सर्वांत साधे फल य = क्ष² हे आहे. आपल्याकडे ते शेतातच उभे असते. रावेर-यावल पट्ट्यात केळीची लागवड बहुधा पाच बाय पाच फुटांवर करतात, म्हणजे दोन ओळींतले आणि ओळीतल्या दोन झाडांतले अंतर सारखेच असते. जितक्या ओळी तितकीच प्रत्येक ओळीत झाडे, असा चौक धरला तर चार ओळींच्या चौकात १६ झाडे बसतात आणि पाच ओळींच्या चौकात २५. चाराचा चौक पाचाचा करायचा झाल्यास किती खोडे जास्त लागतील, हे कागदावर ठिपके काढून पाहावे. जुन्या चार ओळींच्या टोकाला एकेक अशी ४ आणि नवी पूर्ण ओळ ५ झाडांची, मिळून ९. त्याआधी तिनाचा चौक चाराचा करताना ७ लागली होती, दोनाचा तिनाचा करताना ५ आणि एकाचा दोनाचा करताना ३. दर वेळी जोडला जाणारा हा काटकोनी पट्टा दोन झाडांनी वाढत जातो. ही १, ३, ५, ७, ९ ची चढण लक्षात ठेवावी, कारण पुढे संपूर्ण कोष्टक तपासण्याचे काम तीच करणार आहे.

ओळींची संख्या ऋण असू शकत नाही, त्यामुळे शेत या आलेखाची उजवी बाजूच दाखवते. गणितात क्ष ऋणही चालतो. म्हणून कोष्टक असे होते:

क्ष : −३, −२, −१, ०, १, २, ३
य : ९, ४, १, ०, १, ४, ९

इथे पहिला खड्डा आहे. क्ष = −३ असताना य ची किंमत ९ येते, −९ नाही. क्षच्या जागी किंमत लिहिताना ती नेहमी कंसात लिहावी: (−३)² = (−३) × (−३) = ९. कंस गाळून −३² असे लिहिले, की त्याचा अर्थ ‘तिनाचा वर्ग आणि त्याला ऋण चिन्ह’ असा होतो आणि उत्तर −९ येते. पुष्कळ सायंटिफिक कॅलक्युलेटरही कंस न दिल्यास −९ च दाखवतात. यंत्राने सांगितले म्हणून बरोबर, असे समजणाऱ्या विद्यार्थ्याचा आलेख डावीकडे खाली कोसळलेला असतो आणि उजवीकडे वर चढलेला असतो. तो सरळ S सारखा दिसू लागला, की चूक हीच आहे असे खुशाल समजावे.

आता कागद. आलेख कागदावर आधी दोन्ही अक्ष काढू नयेत. आधी कोष्टक पाहावे, य ची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत शोधावी आणि मग आरंभबिंदू कुठे ठेवायचा ते ठरवावे. वरील कोष्टकात य कधीच ऋण होत नाही, तेव्हा क्ष-अक्ष कागदाच्या मध्यावर घेऊन खालचा अर्धा कागद कोरा सोडण्यात काही अर्थ नाही. तो खालच्या कडेजवळ घ्यावा. दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक हे प्रमाण सोयीचे, परंतु क्ष = ४ घेतला तर य १६ होतो आणि क्ष = ५ ला २५. कागद अपुरा पडतो. अशा वेळी य-अक्षावर १ सेमी = २ एकके किंवा ५ एकके असे प्रमाण घ्यावे. दोन अक्षांवर वेगवेगळे प्रमाण घेतल्याने अन्वस्त पसरट दिसतो; त्यात चूक काहीच नाही, मात्र प्रमाण कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेच पाहिजे. प्रमाण न लिहिलेला आलेख वाचताच येत नाही, आणि परीक्षक त्याचे गुण कापतो ते योग्यच करतो.

बिंदू स्थापन करताना टोकदार पेन्सिल वापरावी आणि ठिपका लहान ठेवावा. मिलिमीटरच्या चौकटीवर दोन मिलिमीटरचा ठिपका काढला तर वक्र नेमका कुठून न्यायचा हे हाताला कळत नाही. भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि घामट तळव्याखाली ताजी पेन्सिल पसरते. तळव्याखाली एक कोरा कागद ठेवून काम केल्यास आलेख स्वच्छ राहतो.

बिंदू जोडताना पट्टी दप्तरात ठेवावी. (०, ०) आणि (१, १) यांमध्ये वक्र सरळ जातो की खाली झुकतो, असा प्रश्न पडल्यास मधली किंमत काढून पाहावी: क्ष = ०.५ ला य = ०.२५. पट्टीने जोडले असते तर तिथे य ०.५ दिसला असता. म्हणजे वक्र सरळ रेघेच्या बराच खाली आहे. तसेच क्ष = १.५ ला २.२५ आणि क्ष = २.५ ला ६.२५. शिरोबिंदूजवळ असे दोन-तीन जादा बिंदू घेतले की तळ आपोआप गोलसर येतो. दूरच्या भागात त्यांची तितकी गरज भासत नाही.

वक्र हाताने काढण्याची एक युक्ती आहे. मनगट टेकवून हात फिरवला की पेन्सिल स्वाभाविकपणे कमान काढते, आणि त्या कमानीची खोलगट बाजू मनगटाकडे असते. म्हणून वर उघडणारा अन्वस्त काढताना कागद उलटा फिरवावा, म्हणजे खोलगट बाजू आपल्याकडे येईल. आधी हलक्या हाताने, एका वेळी तीन बिंदूंतून जाणारी रेघ काढावी, पुढच्या तिघांत मागचे दोन पुन्हा घ्यावेत, आणि सर्व बिंदू साधल्यावरच ती गडद करावी. प्रत्येक बिंदूपाशी पेन्सिल थांबली तर तिथे कोपरा उमटतो. शेवटच्या बिंदूंपाशी रेघ थोडी पुढे नेऊन बाण द्यावेत, कारण वक्र तिथे संपलेला नसतो.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. य = क्ष² − ४क्ष + ३ हे फल घ्या. सवयीने विद्यार्थी −३ पासून ३ पर्यंतच्या किमती घेतो आणि त्याला य च्या किमती २४, १५, ८, ३, ०, −१, ० अशा मिळतात. आकडेमोड निर्दोष आहे. तरीही आलेख घसरगुंडीसारखा येतो: डावीकडून उतरत आलेला, तळाशी पोचून नुकताच वळू पाहणारा. पहिल्या दोन बिंदूंसाठी कागदही पुरत नाही. याचे कारण इतकेच, की या अन्वस्ताचा मध्य ० वर नसून २ वर आहे आणि कोष्टक मात्र ० भोवती बांधले आहे.

मध्य शोधण्याचे सूत्र क्ष = −ब/(२अ) असे आहे; पण ते पाठ करण्यापूर्वी कुठून आले ते पाहिलेले बरे. स्थिर पद ३ क्षणभर बाजूला ठेवा. उरलेल्या क्ष² − ४क्ष चे क्ष(क्ष − ४) असे अवयव पडतात, आणि हा गुणाकार क्ष = ० ला तसाच क्ष = ४ लाही शून्य होतो. म्हणजे या दोन्ही ठिकाणी य ची किंमत तीच, ३, येते. अन्वस्ताच्या दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे एकाच उंचीवरच्या दोन बिंदूंच्या बरोबर मध्यावर सममितीचा अक्ष असतो, आणि ० व ४ यांचा मध्य २. सामान्य रूपात हेच करून पाहिले, तर समान उंचीचे बिंदू ० आणि −ब/अ येतात आणि त्यांचा मध्य −ब/(२अ). सूत्र विसरले तरी अवयव पाडून मध्य काढता येतो, म्हणून मी वर्गात सूत्र उशिरा सांगतो.

क्ष = २ ठेवल्यास य = ४ − ८ + ३ = −१. शिरोबिंदू (२, −१) मिळाला. आता कोष्टक त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन घरे पसरवावे:

क्ष : −१, ०, १, २, ३, ४, ५
य : ८, ३, ०, −१, ०, ३, ८

य च्या ओळीत दोन्हीकडून सारखेच आकडे येतात: ८, ३, ० आणि उलट ०, ३, ८. डावी बाजू उजवीशी जुळली नाही, तर कुठेतरी चिन्ह चुकले आहे. याहून पक्की तपासणी फरकांनी होते. लगतच्या किमतींतील फरक डावीकडून लिहा: −५, −३, −१, १, ३, ५. प्रत्येक फरक आधीच्यापेक्षा २ ने मोठा आहे. शिरोबिंदूपासून उजवीकडे हे फरक १, ३, ५ असे जातात, म्हणजे केळीच्या चौकातली तीच चढण. क्षच्या किमती एकेकाने वाढत असतील, तर फरकांमधला हा फरक नेहमी २अ इतका येतो. मुलाने क्ष = ४ ला चुकून य = ५ काढले असते, तर फरक −५, −३, −१, १, ५, ३ असे आले असते आणि बिघाड कुठे आहे हे कागदावर एकही ठिपका न काढता कळले असते. आलेख काढून झाल्यावर एखादा बिंदू वक्राबाहेर पडलेला दिसणे आणि मग खोडरबर शोधणे यापेक्षा हे फार स्वस्त पडते.

शिरोबिंदू नेहमी पूर्णांकावर येईल असे नाही, आणि तिथे एक गमतीदार चूक होते. य = क्ष² − ३क्ष − ४ चे कोष्टक पाहा:

क्ष : −२, −१, ०, १, २, ३, ४, ५
य : ६, ०, −४, −६, −६, −४, ०, ६

तळाशी −६ दोनदा आले. हे पाहून अनेक विद्यार्थी (१, −६) आणि (२, −६) या बिंदूंमध्ये आडवी सरळ रेघ मारतात आणि अन्वस्ताचा तळ तव्यासारखा सपाट होतो. दोन शेजारी किमती सारख्या आल्या, की शिरोबिंदू त्यांच्या मधोमध लपलेला आहे असे समजावे. इथे क्ष = १.५ ठेवल्यास य = २.२५ − ४.५ − ४ = −६.२५ येते. फक्त पाव एककाचा फरक, एक सेमी प्रमाणाच्या कागदावर अडीच मिलिमीटर. पण तेवढ्याने तव्याची कढई होते.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे, म्हणजे ज्याला आपण पाटणादेवी म्हणतो त्या परिसरात, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे, आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख त्यात आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात वर्गसमीकरणांच्या प्रकरणाचे नाव ‘मध्यमाहरण’ असे आहे, म्हणजे मधले पद काढून टाकणे. त्यांनी आलेख काढला नव्हता. अक्ष आणि निर्देशकांची पद्धत युरोपात फ्रेंच गणितज्ञ देकार्तने १६३७ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु क्ष² − ४क्ष + ३ चे (क्ष − २)² − १ असे रूप केले (यालाच वर्गपूर्ती म्हणतात), की मधले पद कंसात विरघळते आणि शिरोबिंदू (२, −१) डोळ्यांसमोर येतो. मधले पद नाहीसे करणे म्हणजे आलेखाच्या भाषेत य-अक्ष उचलून अन्वस्ताच्या मध्यावर नेणेच होय. वर्गपूर्तीची पद्धत आलेखाशी कशाला, असे विचारणाऱ्या मुलांना मी ही खान्देशातली गोष्ट सांगतो.

अ चे काम थोडक्यात सांगता येईल. अ धन असेल तर अन्वस्त वर उघडतो आणि शिरोबिंदू सर्वांत खाली असतो. ऋण असेल तर खाली उघडतो आणि शिरोबिंदू सर्वांत वर. शिरोबिंदूपासून एकेक घर बाजूला सरकताना चढण अ × १, अ × ३, अ × ५ अशी होते; त्यामुळे अ = २ ला वक्र उभट व चिंचोळा दिसतो आणि अ = ०.५ ला पसरट. ही चढण वापरून शिरोबिंदूवरून थेट बिंदू मांडत जाणे शक्य आहे, पण सुरुवातीच्या दहा-बारा आलेखांत कोष्टक लिहूनच काम करावे असे माझे मत आहे.

आलेख क्ष-अक्षाला जिथे छेदतो, तिथल्या क्षच्या किमती म्हणजे संबंधित वर्गसमीकरणाची मुळे. वरच्या क्ष² − ४क्ष + ३ च्या उदाहरणात ती १ आणि ३, क्ष² − ३क्ष − ४ च्या उदाहरणात −१ आणि ४. य = क्ष² − २क्ष − २ च्या आलेखात मात्र वक्र अक्षाला −०.७ आणि २.७ यांच्या जवळपास छेदतो. कागदावरून एवढेच सांगता येते. दशांशाची पुढची घरे हवी असतील तर वर्गसमीकरण सोडवण्याच्या सूत्राकडे वळावे. य = क्ष² − २क्ष + ३ चा शिरोबिंदू (१, २) वर असून अन्वस्त वर उघडतो, म्हणून तो अक्षाला स्पर्शच करत नाही आणि वास्तव मुळे मिळत नाहीत.

शेवटी खाली उघडणाऱ्या अन्वस्ताचे उदाहरण पाहू. एका शेतकऱ्याकडे ४० मीटर जाळी आहे आणि विहिरीजवळच्या लांब भिंतीला लागून शेळ्यांसाठी आयताकृती वाडा करायचा आहे. भिंतीच्या बाजूला जाळी लागत नाही. भिंतीपासून वाडा क्ष मीटर पुढे आला, तर दोन बाजूंना २क्ष मीटर जाळी जाते आणि समोरच्या बाजूला ४० − २क्ष उरते. क्षेत्रफळ य = क्ष(४० − २क्ष). हे क्ष = ० ला आणि क्ष = २० ला शून्य होते, म्हणून मध्य १०. कोष्टक दोन-दोन मीटरच्या पावलांनी केले तरी चालते:

क्ष : ०, २, ४, ६, ८, १०, १२, १४, १६, १८, २०
य : ०, ७२, १२८, १६८, १९२, २००, १९२, १६८, १२८, ७२, ०

फरक ७२, ५६, ४०, २४, ८, −८ असे १६ ने उतरत जातात. पाऊल २ चे असल्यामुळे फरकांमधला फरक २अ नसून २अ × ४, म्हणजे −१६ येतो. पावलाचा वर्ग गुणायला विसरू नये. क्ष-अक्षावर १ सेमी = २ मीटर आणि य-अक्षावर १ सेमी = २० चौरस मीटर हे प्रमाण घेतले, तर आलेख १० सेमीच्या चौकोनात नेमका बसतो आणि य-अक्षावरची प्रत्येक मिलिमीटर रेघ २ चौरस मीटरची होते; १९२ साठी ९६ वी रेघ, १६८ साठी ८४ वी. या आलेखाच्या टोकांना बाण द्यायचे नाहीत, कारण ० च्या अलीकडे किंवा २० च्या पलीकडे वाडाच शक्य नाही. (०, ०) आणि (२०, ०) इथे पोकळ ठिपके काढावेत, कारण तिथे क्षेत्रफळ शून्य आहे.

सर्वांत मोठा वाडा १० मीटर खोल आणि २० मीटर लांब, २०० चौरस मीटरचा. पण शेळ्यांना १५० चौरस मीटर पुरेसे असतील, तर य-अक्षावर १५० पाशी आडवी रेघ काढावी. ती वक्राला दोन ठिकाणी छेदते, आणि तिथून क्ष-अक्षापर्यंत खाली उतरल्यास क्ष = ५ आणि क्ष = १५ मिळतात. पहिला वाडा ३० मीटर लांब व ५ मीटर खोल, दुसरा १० मीटर लांब व १५ मीटर खोल; जाळी दोन्हीला ४० मीटरच लागते. विहिरीजवळची भिंत ३० मीटरपेक्षा कमी लांब असेल, तर दुसराच वाडा बांधता येईल.